न्हाणीची भिंत पाडू नका

ती. आईस,
विनिताचा कांदिवलीहून नमस्कार. फोन केला असता, पण इथे सगळ्यांना ऐकू जातं.

कृणालला सांग, गावच्या घरात संडास-न्हाणी एकत्र करायचं खूळ सोड. म्हणे मुंबईसारखं! इथे माणसं पाच, दार एक. काल माझ्या डोक्याला साबण असताना सासऱ्यांना घाई लागली. गाऊन चढवून मी ओलीचिंब बाहेर आले, तर सासरे आत जाऊन पेपर वाचत बसले!

बाबांचे गुडघे कसे आहेत? त्यांच्यासाठी कमोड खुशाल बसवा, पण मधली भिंत राहू दे.

मी मजेत आहे. मे महिन्यात येईन, तेव्हा न्हाणीत तासभर बसेन. नळ चालू ठेवेन. तू दार वाजवू नकोस.

तुझी,
विनू