लेटिसची लोकर

थॉर्नबेक, ३ मार्च १९७४

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद.

तू तुझ्या वहिनीला ऑक्टोबरात वाढदिवसाला लोकर, सुया आणि जाळीचं कापड पाठवलंस. झोप लागत नाही तिला, चार टाके घातले की मन निवेल, असं वर लिहिलंस. तिचं निवलं की नाही ठाऊक नाही, माझं मात्र पेटलंय. खुर्चीत लोकर, जॅमच्या बरणीत लोकर. काल मी सुईवर बसलो. रविवारचं मटण करपलं, तर म्हणाली, तुम्हाला वास येत नव्हता का?

त्यात भर म्हणून चर्चमधल्या बायकांनी प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उश्यांवर लोकरीचं भरतकाम करायला घेतलंय. त्यांच्या म्होरक्या मिसेस स्ट्राउड. त्या प्रत्येक उशी उलटी करून मागची बाजू तपासतात. लेटिसनं भरलेल्या आयरिस फुलाची पानं निळी झालीत, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. लेटिस म्हणाली, तिथं गुडघे टेकायचेत, पानं चरायची नाहीत. आता ती रुसून घरीच भरते, आणि भरलेलं उसवते. चाळीस वर्षं पोस्टाचं खिडकीकाम करून इतका वैतागलो नव्हतो. काही तरी उपाय लिही.

तुझा त्रासलेला,
हंफ्री

व्हिटबी, ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. तू चाळीस वर्षं जेवणाच्या टेबलावर शिक्के घासत बसायचास, तेव्हा वहिनी एका शब्दानं बोलली नाही. तिच्या थोड्या लोकरीनं तुझं काय बिघडतं?

पण एक गोष्ट मनातून जात नाही. वहिनीनं मला नाताळात गादीवरची एक उशी पाठवली होती. त्यावरच्या रॉबिन पक्ष्याची छाती लाल हवी, ती हिरवी आहे. तेव्हा मला गंमत वाटली. तुझं पत्र आल्यावर ती खिडकीशी नेऊन नीट पाहिली. सुरुवातीचे टाके मोत्यांसारखे, पुढे पुढे दोन-दोन भोकं ओलांडलेली. वहिनीचा हात असा नव्हे, दादा. चहा ओतताना तिचा कप चुकतो का? चिडू नकोस, पण तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने.

तुझी,
एनिड

थॉर्नबेक, १४ मार्च

चि. एनिड हिस,
आशीर्वाद.

तिकडे समुद्रावर बसून रोग ओळखायचा धंदा कधी सुरू केलास? लेटिसची नजर उत्तम आहे. रोज सकाळी अख्खं वर्तमानपत्र होतं तिचं. म्हणजे मीच मोठ्यानं वाचतो. हिवाळ्यापासून तिला माझा आवाज आवडायला लागलाय म्हणते.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. एकेचाळीस वर्षांत माझा आवाज तिला कधीच आवडला नव्हता.

उठून स्वयंपाकघरात गेलो. लोकरीच्या दोन लडी तिच्यासमोर धरल्या आणि हिरवी कुठली ते विचारलं. तिनं दोन्ही लडी बोटांनी चाचपल्या. मग म्हणाली, किटली ठेवा, सांगते.

डोळ्यांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आहे. बाकी नंतर लिहितो.

हंफ्री

थॉर्नबेक, २३ जून

चि. एनिड हिस,
अनेक आशीर्वाद.

तीन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली आहे, ती परत येणार नाही. कडेचं दिसतं, तेही किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत. तिला हे मागच्या शरदातच कळलं होतं. मला का नाही सांगितलंस, म्हणून मी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्चीत बसवून हातातलं सगळं काढून घेतलं असतंत. मी म्हटलं, मी काय राक्षस आहे? आणि दुसऱ्याच दिवशी सुयांची पेटी कपाटावर ठेवून दिली. तिनं स्टुलावर चढून ती काढली. उतरताना पडता पडता वाचली. चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी पेटी मीच तिच्या मांडीवर ठेवली.

आता रोज सकाळी बारा सुया ओवून देतो. मग शेजारी बसून नमुना सांगत राहायचं : तीन हिरवे, एक पांढरा. ती नखानं भोक चाचपते आणि सुई घालते. मी एक चुकलो तर सगळी ओळ उसवायला लावते. दर बुधवारी ती पुन्हा चर्चमध्ये भरायला जाते, आणि तिथल्या बारा बायकांत मी एकटा बाप्या बसतो. मिसेस स्ट्राउडना सगळं कळलं, तेव्हा त्या केक घेऊन घरी आल्या. लेटिसनं केक घेतला, माफी मात्र आठवडाभर दिली नाही.

आयरिसची उशी झाली. एक ओळ वाकडी आहे. मिसेस स्ट्राउडचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. मी म्हणालो, बाई, हे पार्सल आहे तसंच जाईल. आज ती चर्चच्या तिसऱ्या बाकाखाली ठेवली. लेटिसनं दुसरी मागून घेतली, तीही वेलबुट्टीची. माझी मान आत्ताच दुखायला लागली आहे.

प्रार्थनेनंतर पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. असा काही आवळला की अजून ठणकतोय. हे तिला कळवू नकोस, नाहीतर सोडून देईल.

लोभ आहेच, तो आमच्या कुरकुरीसकट सांभाळ.

तुझा,
हंफ्री