आये, मी मेले

आये, तू जाऊन तीसेक वर्षं झाली. तुला लिहितेय खरी, पण तुला वाचता कुठं येत होतं! मलाही शाळेनं फार काही दिलं नाही. सुकटीच्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षरं जुळवली आणि उरलेलं नाटकांनी शिकवलं. आज लिहायचं कारण म्हणजे तुला दिलेला शब्द मी मोडला. रागावू नको. आधी सगळं ऐकून घे, मग बोल.

धाकट्या डहाणूत होळीला बंदरावर बसवलेलं ते पहिलं नाटक तुला आठवतं ना? मी एकवीस वर्षांची, आणि माझ्या वाट्याला म्हातारी. तूच म्हणालीस, म्हातारी व्हायचं तर माझं जुनं लुगडं नेस, नवं नेसून कोण म्हातारी होतं? शेवटच्या प्रवेशात मी खाटेवर मान टाकते, माझा लेक झालेला पोरगा ‘आई, आई’ म्हणून गळा काढतो, आणि पुढच्या वाळूतून तू पाण्याचा तांब्या घेऊन थेट स्टेजवर चढतेस. माझ्या तोंडावर सगळा तांब्या उपडा! तो पोरगा तुला अडवायला आला, तर त्यालाच म्हणालीस, “बाजूला हो रे मुडद्या, पोर उठवू दे मला!” लोक हसून वाळूत लोळले. मी उठून बसले, म्हणून आणखी हसले. घरी आल्यावर तू चुलीवर बोंबील भाजत होतीस, माझ्याकडं बघतही नव्हतीस. “सासू हो, भिकारीण हो, चेटकीण हो. पण मरायचं नाय.” मी म्हटलं, “नाटकातलं मरण गो ते!” तर म्हणालीस, “कंचं नाटकातलं न् कंचं खरं, मला काय ठावं? तुझ्या आधीची दोन पोरं काय सांगून गेली?” मग मी चुलीची आण घेऊन शब्द दिला.

तो पाळायला काय काय केलं, ते तुला सांगायचंच राहिलं. केस काळे होते तेव्हा पावडर लावून पांढरे केले. आता आपसूक पांढरे आहेत, तेवढाच वेळ वाचतो. जन्मभर मी कुणाची तरी आत्या, कुणाची सासू, कुणाच्या दारची भांडकुदळ शेजारीण. आणि आत्या-सासवांना लेखक फार लवकर मारतात गं! एका गुजराती नाटकात फोई, म्हणजे आत्याच, तिसऱ्या अंकात झुरून मरायची. मी हट्ट धरला आणि तिला चारधामला पाठवली. उंबरगावला पुराणातल्या सीरियलीचं शूटिंग असायचं, तिथं एका ऋषीच्या शापानं मी भस्म होणार होते. हातापाया पडून दगड झाले. दगड होणं म्हणजे काही मरणं नव्हे. आणि एका सिनेमात मी हॉस्पिटलच्या खाटेवर खोकले तेवढी खोकले. पुढं चादरीखाली पाय दिसतात ते दुसऱ्या बाईचे. गोरेपान पाय! वहिनी अजून म्हणते, “आत्याबाय, मरताना तुमचे पाय उजळले.”

आता २०१८ साल चालू आहे. गेल्या महिन्यात मुंबईहून एक दिग्दर्शिका आली, माझ्या नातीच्या वयाची. अच्छाडच्या धाब्यावर चहा पिता पिता, ट्रकांच्या भोंग्यांच्या वर आवाज काढून, तिनं मला सबंध नाटक सांगितलं. एक आजी. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. आये, इतकी वर्षं मी रंगमंचाच्या कडेला ताट घेऊन उभी राहिले, आणि आता कुणी मला मधोमध बसवत होतं. शेवटी आजी मरते. मी म्हटलं, “तिला गावाला पाठवू या का?” पोरगी हसली. “मावशी, ती मरते म्हणून तर नाटक आहे. जमत नसेल तर दुसरीला विचारते, पण मला तुम्हीच हव्यात.” चार दिवसांची मुदत दिली.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. वहिनी खाडीवर वलांडीच्या बांबूंवर वाळलेले बोंबील काढत होती, तिला जाऊन विचारलं. तुझी सून ती, तुझ्याहून वरचढ. हातातलं काम न थांबवता म्हणाली, “आयशीला भ्याव काय होतं? लेक आपल्या आधी जाईल. ती तं कवाच पुढं गेली. आता तुमचा नंबर हाय, मरा खुशाल!” आणि वर म्हणते, “पन चांगलं मरा हां. येवढी वर्सं मरायचं ऱ्हायलंय.” मी तिथंच हसत सुटले. मोबाईलवरून होकार कळवला तेव्हा हातांना बोंबलांचा वास होता.

पहिला प्रयोग परवा तलासरीला झाला, शाळेच्या पटांगणात. वहिनी गल्लीतल्या बायका टेम्पोत भरून घेऊन आली होती. मी मेले गो! सावकाश, घाई न करता, पोटभर मेले. मग एकदम हुंदके ऐकू आले, आणि सगळ्यांत मोठा वहिनीचा. एवढी मजा मला कधीच आली नव्हती. पुढच्या आठवड्यात नरपडला प्रयोग आहे, तिथं परत मरायचंय, आणि मी आत्तापासून दिवस मोजतेय.

पडदा पडल्यावर बायकांनी गराडा घातला. “मावशी, चेहऱ्यावर केवढी शांती! कसं जमलं?” मी पदर सावरून म्हटलं, “आईला आठवलं.” वहिनीनं ते ऐकून पुन्हा डोळे पुसले, म्हणून हा कागद तिच्या हाती लागू द्यायचा नाही, माझ्या रंगाच्या डब्याच्या तळाशी जाईल. तुला मात्र खरं सांगते. लुगड्यात मुंगळा शिरला होता, आणि तो गुडघ्याच्या वर चढायला लागला होता. शांती कसली, दातांवर दात धरले होते. मरताना तू एकदासुद्धा मनात आली नाहीस गो, आये. सगळं ध्यान त्या मेल्या मुंगळ्यात होतं.