निर्मनुष्य ठरविलेल्या उंबरटाकीच्या वर्गाबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
डोंगरी शाळा पाहणी कक्ष, लोणावळा.

अर्जदार : डॉ. सुनेत्रा गद्रे, निवृत्त प्राध्यापक, राहणार कुसगाव.

विषय : परदेशी स्वयंसेवी इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्यासाठी अध्यापनाचा दाखला मिळणे व त्याआड येणारा पाहणी अहवाल रद्द होणेबाबत.

संदर्भ : दाखला नाकारल्याचे आपले पत्र व त्यासोबतचा ऑगस्ट २०२२ चा स्थळपाहणी अहवाल.

महोदय,

आपल्या पत्रात असे नमूद आहे की, "औंढे गावावरील उंबरटाकी वाडीच्या शाळाखोलीची समक्ष पाहणी केली असता खोली निर्मनुष्य आढळली. हाक मारूनही प्रतिसाद मिळाला नाही. सबब तेथे विद्यार्थी नाहीत, आणि विद्यार्थीच नसल्याने अर्जदाराने अध्यापन केले असे म्हणता येत नाही." तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे. तिचा पाया तेवढा तपासायचा राहिला.

१. पटसंख्येच्या कारणाने वाडीची शाळा बंद झाल्यानंतर अर्जदार त्याच खोलीत, ग्रामपंचायतीच्या संमतीने, विनामोबदला इंग्रजी शिकवीत होती. पाहणीच्या दिवशी दुपारी ती खोलीतच होती. मुलेही होती. धुके इतके दाट होते की दारातले उंबराचे झाड दिसत नव्हते. मुले एका सुरात इंग्रजी धडा वाचत असता खालच्या वळणावरून हाक आली, "कोणी आहे का?"

२. प्रतिसाद का मिळाला नाही, हे अहवालात नाही. ते असे. त्या वाडीत धुक्यातल्या पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारतो, आणि तिसऱ्या हाकेला त्याला घरात घेतात. एकदाच हाक मारून जे थांबते ते माणूस नसते, अशी तेथील समजूत आहे. अर्जदार उठू लागली तेव्हा रंजना नावाच्या मुलीने तिचा पदर धरला. "बाई, ओ देऊ नगा. तिनदा मारू द्या." मागून सनी पुटपुटला, "शाळा तर नेली, आता काय फळा न्याया आलाय?" त्यावरही मोठ्याने कुणी हसले नाही. सगळे श्वास धरून बसले. दुसरी हाक आली नाही.

३. त्या अहवालावरून खोलीला कुलूप लागले. खालची शाळा ओढ्यापलीकडे आहे आणि पावसाळ्यात ओढा कुणाला सोडत नाही. मग एकेक घर डोंगर उतरले. कुणी बंगल्यांची राखण करते, कुणी हॉटेलात भांडी घासते. अहवाल लिहिला गेला त्या दिवशी तो खोटा होता. आज तो खरा आहे. आधी भाकीत लिहून मग जगाला त्याप्रमाणे वागायला लावणारे ऋषी अर्जदाराला ग्रंथांतून परिचित होते. त्यांची कार्यालये असतात, ही तिच्या ज्ञानात नवी भर आहे.

वाडीतले वडीलधारे शिदू आबा आता कुसगावातच एका बंगल्याच्या फाटकावर बसतात. अर्जदाराने दाखला मागितल्याचे कळल्यावर ते म्हणाले, "बाई, आमी न्हाईच आसं लिवलंय ना त्येंनी? मग लय भांडू नगा. तुमाला बी न्हाई करत्याल." अर्जदाराला ही अतिशयोक्ती वाटली होती. आपले पत्र हाती पडल्यावर तिने ते मत मागे घेतले.

४. लाओसमधील एका डोंगरी शाळेने अर्जदाराला बोलाविले आहे. लसी टोचून झाल्या, व्हिसाचे फोटो काढून झाले, चित्रांचे तक्ते बॅगेत भरून झाले. त्या शाळेस एवढेच हवे आहे, की डोंगरातल्या मुलांना पूर्वी शिकविल्याचा दाखला असावा. महाविद्यालयातील नोकरीची कागदपत्रे शाळेला नकोत. आपल्या लिपिकांनी यावर, "मॅडम, एखाद्या क्लासवाल्याकडून आणा ना, कोण बघतंय!" असे सुचविले. कोण बघत नाही याचा पुरेसा अनुभव असल्याने अर्जदार तसे करणार नाही. दुसऱ्या मुलांच्या नावावर ती गेली, तर ही मुले दुसऱ्यांदा नाहीशी होतील, आणि या वेळी ते तिच्या हातून झालेले असेल.

५. तयारी म्हणून अर्जदार घरी एकटीच पाठ मोठ्याने वाचते. प्रत्येक वाक्यानंतर मुलांनी मागून म्हणावे म्हणून थांबायची तिला सवय आहे. ती थांबते. परवा शेजारच्या राजेश्वरीताईंनी कुंपणावरून विचारले, "शिकवणी सुरू केलीत वाटतं? छान वाचतात हो पोरं. किती येतात?" त्या दिवसापासून तिने थांबणे सोडून पाहिले. वाक्य संपले की पुढचे वाक्य तोंडातून निघत नाही. कुणाची तरी पाळी असल्यासारखे वाटते.

सबब विनंती अशी की, उंबरटाकीच्या खोलीत मुले होती आणि अर्जदार त्यांना शिकवीत होती, एवढे कार्यालयाच्या शिक्क्यासह लिहून मिळावे. सहानुभूती नको. ते वाक्य हाती पडल्याखेरीज अर्जदार हा देश सोडणार नाही.

आपला निर्णय या वेळी तरी जागेवर जाऊन, तीनदा हाक मारून घेतला जावा, या अपेक्षेत,

आपली नम्र,
(सही)
सुनेत्रा गद्रे
कुसगाव, दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत : सदर पाहणी करणारे, आता सेवानिवृत्त, श्री. दिगंबर पानसे यांनी अर्जदाराच्या घरी येऊन स्वहस्ते लिहून दिलेला जबाब, शब्दशः :

"मी वर गेलो नाही. वळणावर गाडी लावून उभा होतो. धुक्यातून पोरं वाचताना ऐकू येत होती, इंग्रजीत. मराठी असतं तर गेलो असतो. आमच्या कागदावर शाळा बंद होती, आणि त्या वाडीतली पोरं इंग्रजी वाचतील हे काही मनात येईना. इंग्रज साहेबाच्या वेळचं काहीतरी असणार, असंच वाटलं. धीर करून एक हाक मारली, तसा सगळा आवाज एकदम थांबला. मग दुसरी मारायची छाती झाली नाही. अहवाल गाडीच्या काचा लावून लिहिला. पोरं आहेत असं लिहिलं असतं, तर खात्री करायला मलाच परत वर पाठवलं असतं."