काचेवरचं मीठ

प्रिय गुलायदा,

काल दवाखान्यात तू माझा हात धरलास. म्हणालीस, परवा पहाटे सक्सौलच्या झाडांपाशी पळून जायला गाठोडं घेऊन तुझी वाट पाहिली, तू आला नाहीस, तुला शिव्या घातल्या. पण बरं झालं, वाटेत बाबा तुला सापडले, नाहीतर घसरून पडलेले तिथेच राहिले असते. मी तुला तसंच समजू दिलं. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मी वेळेवर निघालो होतो. रात्रभर वाऱ्याने आटलेल्या समुद्राच्या तळाचं मीठ उडवलं होतं, पण मोटरसायकलला किक मारली तेव्हा वारा पडलेला, मासळी कारखान्याची चिमणी स्पष्ट दिसत होती. वाटलं, मीठ खाली बसलं. बसलं नव्हतं. कोरडं, बारीक, हवेतच तरंगत होतं. मग उरलेल्या तळ्याकडून ओली हवा आली आणि बघता बघता सगळं दुधासारखं पांढरं. ओठ खारट झाले.

नुकूसच्या कॉलेजात मास्तरांनी हेच शिकवलं होतं. हवेतला ओलावा पंचाहत्तर टक्के होईपर्यंत मिठाचा कण गप्प असतो, मग एकदम पाणी पिऊन थेंब होतो, फुगतो, नजर अडवतो. मी विचारलं, कण आहे की दारुडा? वर्ग हसला, त्यांनी मला बाहेर काढलं, मी वही फेकली आणि कॉलेजच सोडलं. माझ्या मामाने माझ्यासाठी तुला मागणी घातली तेव्हा तुझे बाबा नकार देत म्हणाले होते, अर्ध्या वर्गातून उठणारा अर्ध्या संसारातून उठेल.

त्या पांढऱ्यात थांबायला हवं होतं. पण तू उभी असशील, एवढंच डोक्यात. मी वेग वाढवला.

धक्का बसला तेव्हा वाटलं, शेळी असेल. तुझे बाबा होते. रोजच्यासारखे हवामान केंद्राची, उडणारं मीठ धरणारी काच आणायला समुद्राच्या तळावर गेले होते. पाय मोडलेला, तरी काच हातात उंच धरलेली, अखंड. ओरडले नाहीत. म्हणाले, "बघ, काल संध्याकाळी हे कोरडं होतं." काचेवर नुसते थेंब. मी त्यांना मोटरसायकलच्या साइडकारमध्ये घालत होतो तेव्हा म्हणाले, "एवढ्या पहाटे कुठे निघाला होतास, ते मी विचारत नाही. मी घसरलो. तू मला आणलंस. बास."

ते घसरले नव्हते, गुलायदा. गाडी मी घातली त्यांच्यावर. त्यांनी मला गप्प राहायला लावलं आणि तू माझे आभार मानलेस. दोन्ही मिळून मला सहन होईना, म्हणून हे लिहिलं. आता तू ठरव.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
ऐतमुरात