निळ्या पिकअपला गिट्टी लागू नये म्हणून

मु. आपलंच घर, जिवतीचा पहाड
कापसाची पहिली वेचणी सुरू आहे

प्रिय नूतनताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, म्हणजे नागसेनचा, मनापासून जयभीम. आमच्या जावईबापूंना, प्रणितभाऊंनाही सांग. तू गडचिरोलीच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना सुया टोचतेस, तेव्हा तुझ्या तब्येतीची चौकशी मी काय करावी, पण पत्रात विचारावं लागते म्हणून विचारतो, पाठ कशी आहे? इकडे आई ठणठणीत आहे. तुझी भावजय दीपाली ठणठणीत आहे. पिकअपची तब्येत मात्र वर्षभर नाजूक होती, आणि ते सविस्तर सांगावं म्हणून हा कागद घेतला. (फोनवर सांगितलं असतं, पण फोन लागला की आई हातातून घेते, आणि माझं बोलणं तुझ्या पाठीपर्यंतच येऊन थांबते.)

गाडी घेतली तेव्हा रंग आईनंच ठरवला. "निळाच घे," म्हणाली, विषय संपला. शोरूममध्ये तो निळा असा चमकत होता की मी गाडीच्या दारात तोंड पाहून केस नीट केले. पण आपल्या गावापासून खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत अजून डांबर नाही, सुटी गिट्टीच आहे हे तुला माहीत आहे. पहिल्याच फेरीत पुढच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि दारावर टक्कन लागला. उतरून पाहिलं, तर निळ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका. त्या दिवशी मी जेवलो, पण मन लावून जेवलो नाही.

मग उपाय सुरू झाले. चंद्रपूरला म्हणे गाडीच्या रंगावर पारदर्शक कागद लावून मिळतो. मी स्वतःच पारदर्शक कागदाची गुंडाळी आणली. (ती डायनिंग टेबलवर अंथरायची निघाली. आपल्याकडे डायनिंग टेबल नाही, म्हणून आता ती पापड वाळवायला आहे.) त्यानंतर दीपालीची जुनी गोधडी बॉनेटवर दोरीनं बांधली. उतारावर वारा शिरला, गोधडी उठली आणि काचेवर पसरली. मला समोर फक्त दीपालीच्या जुन्या साड्यांची फुलं दिसत होती. ब्रेक मारला तेव्हा गाडी शकुबाईच्या तुरीत उभी होती. शकुबाई म्हणजे आपल्या मागच्या घरची, आईची मैत्रीण. ती शेताच्या धुऱ्यावर बसून हे सगळं पाहत होती. शांतपणे म्हणाली, "नागसेन, गाडीले थंडी वाजून राह्यली का?" गावात तेवढं वाक्य आठवडाभर पुरलं.

तरी मी थांबलो नाही. जुने पेपर घेतले, कणकेची खळ शिजवली, आणि दोन्ही दारांवर खालपासून वरपर्यंत पेपरांचे थर चढवले. वाळल्यावर असे कडक झाले की खडा लागला तरी नुसता ठप्प आवाज यायचा. मला फार समाधान वाटलं. त्याच समाधानात मी गाडी जिवतीच्या बाजारात उभी करून चहा प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर लच्छूच्या बकऱ्या मागच्या पायांवर उभ्या राहून माझी दारं खात होत्या. कणीक त्यांना आवडली, पेपरही आवडला, आणि पुढचे खूर रंगावर टेकवून त्या वरचा थर ओढत होत्या. मी धावलो. लच्छू माझ्या आधी पोचला आणि माझ्यावरच भडकला. "छापील कागद खाऊ घातला तुमी माह्या बकऱ्याइले. उद्या पोट फुगलं तं?" आता काय सांगायचं. वर्षभर गिट्टीनं जेवढे ओरखडे दिले नव्हते, तेवढे बकऱ्यांनी एका चहात दिले.

शेवटी राजुऱ्याहून खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचं जुनं जाड रबर आणलं आणि चाकांमागं लटकवलं. ते कामाचं निघालं. पण ते माझ्याच चाकांचे खडे अडवते, समोरच्या गाडीचे नाही. म्हणून मी आणखी एक उपाय शोधला, तो म्हणजे हळू चालवणं. इतकं हळू की खड्याला उडायची इच्छाच होऊ नये.

आता खरी गोष्ट. यंदा चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायला तुला ड्युटीमुळे जमलं नाही. आईनं आधीच जाहीर केलं होतं की गावातल्या सगळ्या बाया आपल्या पिकअपनं जातील. (मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत आहे. मी तसं सांगितलंही. शकुबाई म्हणाली, "मंग आमाले माल समज," आणि चढली.) मागे सतरंजी टाकली, सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून बसल्या, दीपालीही मागेच. आई माझ्या शेजारी पुढे.

मी निघालो, माझ्या त्या चालीनं. आधी एक सायकलवाला पुढे गेला. मग एक बैलबंडी पुढे गेली, आणि बंडीवाल्यानं वळून विचारलं, "डिझेल संपलं का भाऊ?" मागून केबिनवर टकटक झाली. शकुबाई म्हणाली, "थांबव बाप्पा, पाय मोकळे करतो जराशे." थांबवली. सगळ्या उतरल्या आणि भीमगीत म्हणत चालायला लागल्या, आणि ताई, त्या पुढे निघून गेल्या. मला आधी बरंच वाटलं. गाडी हलकी झाली, खडे अजून कमी उडतील.

आई काचेतून समोर पाहत म्हणाली, "तुह्या बाबानं मले सायकलवर बसवून नेलं होतं चंद्रपूरले, लगनाच्या वर्षी. सायकलचा रंग कोनता होता, मले आता आठवत नाई." एवढं बोलून म्हणाली, "थांबव. मी बी बायाइसंग चालतो." आणि उतरली. या वयात, गुडघे तसे असताना. मी रिकाम्या निळ्या गाडीत एकटा, समोर पांढऱ्या साड्यांची रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी आई.

तेवढ्यात समोरच्या वळणावरून एक रिकामा डंपर सुसाट आला. चाकांखालून गिट्टी दोन्ही बाजूंनी उडत होती. बायांच्या एका बाजूला पहाड, सरकायला जागाच नाही. मी विचार केला नाही. (केला असता तर काय केलं असतं, ते मी आजपर्यंत स्वतःला विचारलेलं नाही.) गाडी दामटली आणि बाया आणि डंपर यांच्या मधात नेऊन उभी केली. डंपर शेजारून गेला आणि माझ्या बाजूच्या दारावर, चाकावरच्या पत्र्यावर, मागच्या फाळक्यावर गारा पडाव्यात तशी गिट्टी पडली. पलीकडे बायांना फक्त धूळ लागली.

धूळ बसल्यावर आई आली, पुढचं दार उघडून आपल्या जागेवर बसली. म्हणाली, "चाल आता. उशीर झाला." बाकीच्याही चढल्या. त्यानंतर मी गाडी अशी नेली की शकुबाईनं पुन्हा केबिन वाजवली, या वेळी हळू चालव म्हणून.

वेळेत पोचलो. वंदना झाली. आई रडली, पण ती दर वर्षी रडते. परत निघताना गाडीपाशी आलो तर सगळ्या बाया माझ्या बाजूच्या दारापाशी खाली बसलेल्या. त्यांनी तिथल्या दुकानांतून पिंपळपानाची, अशोकचक्राची, पांढऱ्या कमळांची स्टिकरं घेतली होती आणि प्रत्येक बाई पत्र्यावरच्या एकेका खड्ड्यावर एकेक चिकटवत होती. "हा माहा हाये," शकुबाई म्हणाली, "हा माह्या वाटचा खडा." आईनं दारावरचा सगळ्यात मोठा घेतला. मी तिथं उभा राहून पाहत होतो.

तर ताई, तुझा भाऊ आता सुधारला आहे. रंगाचा मोह सुटला. गाडी ही माणसांसाठी असते हे मला कळलं. गिट्टी लागली तर लागली. मी अगदी मजेत आहे. प्रणितभाऊंना पुन्हा जयभीम, आणि पाठीला शेक देत जा.

तुझा,
नागसेन

ता. क. तुमच्या गडचिरोलीच्या घराला वरून झाकलेला पोर्च आहे आणि समोर पक्का डांबरी रस्ता आहे. आपल्या रस्त्याचं डांबरीकरण होईपर्यंत पिकअप तिथं उभी ठेवली तर चालेल का? प्रणितभाऊंची कार कडुनिंबाखाली छान राहील. तिचा रंग तसाही जुनाच आहे.

ता. क. (हे मी, दीपाली, लिहीत आहे. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं.) ताई, गाडी मधात घातली हे अगदी खरं आहे. पण डंपर गेल्यावर हे उतरले, त्यांनी आधी दार पाहिलं आणि मग आमच्याकडे पाहिलं. आईंच्या लक्षात आलं नाही असं यांना वाटते. पोर्च देऊ नका. गाडी तिथं ठेवली तर हे पण तिथंच राहतील.