फोनपुरते सेटिंग

दि. १२ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक आहे. स्वयंपाकघरातील नळाची गळती थांबली. स्वयंपाकाच्या बाई वेळेवर येतात आणि "मीठ कमी घालायचं, ताई बजावून गेल्यात" असे मला रोज ऐकवतात. तुझ्या आईवडिलांची प्रकृती उत्तम असेल, अशी आशा आहे.

घरचे इंटरनेट बंद पडल्यापासून तुझा लॅपटॉप माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालत होता. त्यावर ते एकच संकेतस्थळ का उघडत नव्हते, याचे कारण कळवण्यासाठी हे पत्र. दोष तांत्रिक होता, असे मी प्रथम लिहिले होते. ते वाक्य खोडले आहे.

तुझ्या सासूबाई गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, तुझ्या टेबलावर चहा ठेवताना मला लॅपटॉपच्या पडद्यावर एका वृद्धाश्रमाचे पान दिसले. बाग, बाक, हसणारे म्हातारे. मी काही विचारले नाही. विचारले असते, तर उत्तर ऐकावे लागले असते. वर्तमानपत्रातील शब्दकोडे मी अजूनही तिच्यासाठी कोरे ठेवतो. या घराबाहेर ते कोणासाठी ठेवणार होतो?

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. ती आपल्या पसंतीची निवडता येते आणि नको ती नावे तिच्याकरवी अडवताही येतात. मी फोनमध्ये तशी सेवा निवडून आश्रमाचे नाव अडवले. तुझ्याकडे पान तरीही उघडत राहिले. तेव्हा परगावी कामात असलेल्या चिरंजीवाला, सुरक्षिततेचे निमित्त सांगून, फोनवर विचारले.

तो म्हणाला, "बाबा, फोनमधलं सेटिंग फोनपुरतंच असतं. हॉटस्पॉट घेणाऱ्याला ते लागू होत नाही. ज्याच्या त्याच्या मशिनमध्ये बदलावं लागतं. पण तुम्हाला कशाला हव्यात या उचापती?"

तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस, तेव्हा मी तुझा लॅपटॉप उघडला आणि त्यातही तीच सेवा घातली. आयुष्यात कधी दुसऱ्याचे पाकीटसुद्धा न विचारता उघडले नव्हते.

मग तू मला विचारलेस, "बाबा, माझ्या मोबाइलवर उघडतंय, पण तिथून सर्टिफिकेटं जोडता येत नाहीत. तुमच्या हॉटस्पॉटचं काही असेल का?" मी चष्मा पुसत म्हणालो, "मशिन जुनं झालं असेल."

तुझ्या अर्जाची मुदत संपली त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. "एका वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्टची जागा होती, बाबा. मिळाल्यावर सांगणार होते तुम्हाला." तेव्हाही मी खरे बोललो नाही. वर, "दुसरी मिळेल," अशी तुझी समजूत घातली. कृत्यापेक्षा त्या दोन शब्दांची मला अधिक लाज वाटते.

लॅपटॉप तू माहेरी नेलास आणि माझी अडवणूकही त्याच्यासोबत तेथे पोहोचली आहे. वाय-फायच्या सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक' कर. पान उघडेल.

काल मी आश्रमात जाऊन संचालिकाबाईंना सर्व सांगितले. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "काका, इथे यायला लागू नये म्हणून लोक रुसतात, आजारी पडतात. वेबसाइट बंद पाडणारे तुम्ही पहिलेच!" नंतर मात्र गंभीर झाल्या. जागा अद्याप भरलेली नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्या अर्ज घेतील, पण तो तू स्वतः करायला हवा. "सासऱ्यांच्या शब्दावर मी कुणाला घेत नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. योग्यच आहे.

चिरंजीवाला मी आज सायंकाळी स्वतः फोन करून हे सांगणार आहे. माझी बाजू सावरून घेऊ नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तू इकडे परत यावेस, असे लिहिण्याचा हक्क मला उरलेला नाही. म्हणून लिहीत नाही.

अर्ज मात्र कर.

'बाबा' अशी सही करण्याचे धैर्य नसलेला,
तुझा सासरा