सातवी चिठ्ठी

शिवमंदिर परिसर, अंबरनाथ
९ नोव्हेंबर २०२५

चि. तेजस्वीस मीनलमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठ्या पोचल्या. निबंधाचा विषय 'मला घडवणारी माणसं' आणि तू सात चिठ्ठ्यांवर सात मुद्दे लिहिलेस, शाब्बास. तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून सांगते, आधी चिठ्ठ्या फरशीवर मांडायच्या, क्रम लावायचा, मगच पेन उचलायचं. मी आकडे घालून त्या परत पाठवल्यात. आई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, तो मुद्दा पहिला घे, वाचणारा हलतो. सातवी चिठ्ठी मात्र काढून टाक. 'आईची दहावी मावशीच्या बाळंतपणात बुडाली' हे विषयाला धरून नाही. उगाच फाटे फुटतात.

लोभ ठेव आणि अक्षर सुधार.
तुझी मावशी

कुळगाव, बदलापूर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. मावशीस सा. न.

सॉरी, पण मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तुझ्या पद्धतीनेच चिठ्ठ्या मांडल्या. सातवी उचलली की बाकीच्या सहा नुसत्या पडून राहतात गं. आई धागे का कापते, हे मग कुठल्या चिठ्ठीवर लिहू? मी सातवी सगळ्यांत वर ठेवली, निबंध लिहिला आणि कॉलेजात देऊन टाकला. तुझं नाव घातलं नाही. आईने घालू दिलं नाही.

रागावलीस तरी लोभ कर.
तेजस्वी

कुळगाव, बदलापूर
२० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस संजीवनीचा नमस्कार.

तेजूला बोल लावू नकोस. ते वाक्य माझं आहे. मेथी निवडताना मी बोलून गेले, तिने लिहून घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी तू म्हणालीस, पुढच्या वर्षी बस परीक्षेला. तुझ्या तान्ह्या जिज्ञासाची दुपटी धुता धुता मी ते खरं मानलं. मग स्थळ आलं आणि पुढच्या वर्षाचं नाव कुणी काढलंच नाही, तूसुद्धा नाही. तेही मी सोसलं. पण तू ते विषयाबाहेरचं म्हणालीस ना, ते फार लागलं गं. मास्तरीण असून तुला असं वाटावं?

परवा तुझा फोन आला. जिज्ञासाचे दिवस मार्चमध्ये भरतात, महिनाभर राहायला ये म्हणालीस. त्याचं उत्तर आज लिहिते. मला जमणार नाही. मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये माझी दहावी आहे.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
संजीवनी